बर्फ संपल्यावर

जुलै २०२० आठवतो? लॉकडाऊन चालू होता आणि इन्स्टावर सगळीकडे एकाच धूमकेतूचे फोटो होते, निओवाइजचे. मी रोज संध्याकाळी गच्चीवर जायचो आणि ढग बघून खाली यायचो. धूमकेतू काही दिसला नाही, पण त्याला ज्या दुर्बिणीचं नाव मिळालं तिच्या मागे मी लागलो. तिची गोष्ट धूमकेतूपेक्षा भारी निघाली.

१४ डिसेंबर २००९ रोजी नासाने कॅलिफोर्नियातून 'वाइज' ही अवरक्त दुर्बीण सोडली. आरसा जेमतेम ४० सेंटिमीटरचा. कोळशासारखा काळा लघुग्रह साध्या दुर्बिणीला सहज सापडत नाही, पण उन्हात तापलेला तोच दगड अवरक्तात चमकतो. अडचण एवढीच, की दुर्बीण स्वतः कोमट असेल तर तिला स्वतःचीच ऊब दिसत राहते. म्हणून तिला थंड ठेवायला गोठवलेला हायड्रोजन भरला होता. दर ११ सेकंदांनी एक फोटो, सहा महिन्यांत अख्खं आकाश.

हा हायड्रोजन संपणार हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. ऑक्टोबर २०१० पर्यंत तो संपला आणि चारपैकी दोन डिटेक्टर आंधळे झाले. उरलेल्या दोनांवर काही महिने काम ओढलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये दुर्बीण झोपवली.

आमच्या क्षेत्रात अशा सिस्टीमवर 'एंड ऑफ लाइफ'चा शिक्का बसतो आणि जागा वाचवायला तिचा डेटा पुसला जातो. मी स्वतः असा डेटा पुसलाय. त्यात काय होतं, हे कुणी पाहिलंही नव्हतं.

वाइजचा डेटा मात्र सगळ्यांसाठी खुला केला गेला. केविन ल्युमन या खगोलशास्त्रज्ञाने काही महिन्यांच्या अंतराने घेतलेले फोटो ताडून पाहिले. एक ठिपका जागचा हलला होता. ते तपकिरी खुजे निघाले, म्हणजे तारा होता होता राहिलेले गोळे. एक नव्हे, जोडी. अंतर फक्त साडेसहा प्रकाशवर्षं! सूर्याला त्याहून जवळचे शेजारी दोनच, अल्फा सेंटॉरी आणि बर्नार्डचा तारा. बर्नार्डच्या ताऱ्याचा शोध १९१६चा, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांत इतक्या जवळचं कुणी सापडलं नव्हतं. हा ठिपका १९७८च्या जुन्या फोटोंतही होता, फक्त कुणाच्या लक्षात आला नव्हता. मार्च २०१३ मध्ये हा शोध जाहीर झाला, तेव्हा दुर्बीण झोपेतच होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, काचा उडून हजारावर लोक जखमी झाले. डिसेंबरात वाइजला उठवून नवं काम दिलं गेलं, पृथ्वीजवळचे दगड शोधायचं. नाव झालं निओवाइज. अर्ध्या नजरेने तिने पुढची दहा वर्षं काढली. सूर्यमालेतल्या ४४,०००हून अधिक वस्तूंची मोजमापं केली. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या अशा २१५ वस्तू तिने नव्याने शोधल्या. २७ मार्च २०२० रोजी तो धूमकेतूही तिलाच सापडला.

कक्षा उंचावायला तिच्याकडे इंजिन नव्हतं. सूर्य खवळला, वातावरण फुगलं, ती खाली येत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला बंद केलं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती वातावरणात जळून गेली.

फोटो मात्र अजून ऑनलाइन आहेत. परवा रात्री मी ल्युमनचा तो ठिपका फोनवर उघडून बघितला. बाहेर पाऊस होता, पण या वेळी ढग आड आले नाहीत.