नानांचा पुण्यातला कान

होसकोट्याच्या टपाल कचेरीवर कानडीत 'अंचे' लिहिलेलं असतं. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी सतराव्या शतकात ही अंचे उभारली, तेव्हा डाक पोचवणाऱ्यांनीच गावोगावची खबर गुपचूप वर कळवायची, असा रिवाज होता. हैदरच्या वेळी या खात्याचा मुख्य होता शामय्या. 1783 साली टिपूविरुद्धच्या कटात त्याचं नाव आलं आणि दुसऱ्यांवर पाळत ठेवणाऱ्याच्या पायांत बेड्या पडल्या.

आपल्याकडे असा माणूस म्हटला की पेशवाईतला पुण्याचा घाशीराम कोतवाल. तेंडुलकरांचं नाटक 1972 मध्ये आलं तेव्हापासून भांडण एकच. एक पक्ष म्हणतो, नाना फडणविसांना दिल्लीपासून श्रीरंगपट्टणापर्यंतचं कळे, तेव्हा पुण्यातल्या भवानी पेठेतलं कळत नव्हतं होय? दुसरा म्हणतो, ही नानांची बदनामी. नानांना सगळं कळे, हे मात्र दोघांनाही कबूल. मला नेमकं तेच कबूल नाही.

ऑगस्ट 1791 चा प्रकार पाहा. दक्षिणेतून आलेल्या तेलंगी ब्राह्मणांनी घाशीरामच्या बागेतली कणसं तोडली, एवढंच निमित्त. शिपायांनी पस्तीसेक जणांना एका कोंदट खोलीत कोंबलं आणि बाहेरून कुलूप घातलं. आत एकवीस जण गुदमरून मेले. घाशीरामने नानांना कळवलं ते असं, की चोर होते, अफू खाऊन मेले. नानांनी ते खरं मानलं. मानतील नाही तर काय? शहरात कोण आलं, कोण गेलं याची नोंद कोतवालीत, रात्रीची गस्त कोतवालीची आणि मेलेल्यांची बातमीही तिथूनच. दूरच्या दरबारांत नानांचे वकील होते, एकाचं पत्र दुसऱ्याच्या पत्राशी ताडून पाहता येई. पुण्यात ताडायला दुसरं पत्रच नव्हतं.

म्हणजे नाना निर्दोष? छे. ही सोय त्यांचीच होती आणि वर्षानुवर्षं त्यांना ती चालली. याआधी कोतवालीत भरडल्या गेलेल्या गरिबांसाठी कुणी त्यांच्या दारात धरणं धरलं नव्हतं, हेही विसरू नये.

खरी गोष्ट बाहेर आली ती शेजारच्या मानाजी फाकड्यांमुळे. त्यांनी कुलूप फोडून प्रेतं पाहिली आणि वर्दी थेट पेशवे सवाई माधवरावांकडे दिली. मग तेलंगी ब्राह्मण नानांच्या वाड्याभोवती जमले, हटेनात. घाशीरामची धिंड निघाली आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचलं.