विजयाच्या नावाची शर्यत

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्याकडे आधी महालक्ष्मीचे मैदान आठवते आणि पाठोपाठ सट्टा. सट्ट्यात मला रस नाही. पण पॅरिसच्या एका शर्यतीच्या इतिहासात मी नेहमी गुंतून पडतो. तिचे नाव 'प्री द लार्क द त्रिओंफ', म्हणजे विजय-कमानीचा पुरस्कार.

१९१९ च्या जुलैत दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी पॅरिसच्या त्या कमानीखालून विजयसंचलन केले. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९२० रोजी, लोंशांच्या मैदानावर ही शर्यत पहिल्यांदा झाली. नाव फ्रान्सच्या विजयाचे, आणि पहिला आला कॉम्रेड! हा घोडा तयार झाला होता इंग्लंडात आणि त्याच्यावर स्वार होता फ्रँक बुलक हा ऑस्ट्रेलियन जॉकी. मालक तेवढा फ्रेंच होता.

अंतर २४०० मीटर. तीन वर्षांचे आणि त्याहून मोठे, नर आणि मादी, सगळे एकत्र धावतात. दीर्घकाळ मज्जाव होता तो फक्त खच्ची केलेल्या घोड्यांना. या एका नियमात शर्यतीचे मर्म होते. इथे नुसता वेगवान घोडा निवडायचा नसे, उद्याच्या शिंगरांचे आईबाप निवडायचे असत. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धाचा घाव या शर्यतीला फार खोलवर लागला.

मार्सेल बुसाक हे त्या काळचे मोठे नाव. कापडाच्या धंद्यात गबर झालेला माणूस. पुढे ख्रिश्चन दिऑरला भांडवल पुरवले ते यानेच. त्याची कोरिदा नावाची घोडी १९३६ आणि १९३७ अशी लागोपाठ दोन वर्षे ही शर्यत जिंकली. त्याचाच फारिस १९३९ मध्ये फ्रेंच डर्बी जिंकून गेला. अरबीत 'फारिस' म्हणजे घोडेस्वार. बुसाकच्या मनात तो अर्थ होता की नाही, ते असो. माझ्या कानाला मात्र दुसरे काही ऐकू येत नाही.

युद्ध पेटले. १९३९ आणि १९४० साली शर्यत झालीच नाही. १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्स घेतला आणि उत्तमोत्तम घोडे उचलून नेले. फारिसही गेला. पुढच्या वर्षी शर्यती पुन्हा सुरू झाल्या; व्यापलेल्या पॅरिसमध्ये, विजयाच्या कमानीचेच नाव लावून! ४ एप्रिल १९४३ रोजी अमेरिकी विमाने रेनोच्या कारखान्यावर बाँब टाकायला आली, त्यातले काही लोंशांवर पडले आणि तिथे माणसे मेली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी ही शर्यत ल त्रांब्लेच्या मैदानावर घ्यावी लागली.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले. त्या वर्षीची शर्यत जिंकली आर्दांने. हा आर्दां फारिसचा मुलगा. बाप अजून जर्मनीत होता. तो परतला १९४५ मध्ये.

कोरिदा मात्र परतली नाही. नॉर्मंडीतल्या फालेझच्या लढाईत, त्याच १९४४ च्या उन्हाळ्यात, ती नाहीशी झाली. तोफेला बळी पडली, कुणी हाकून नेली की उपाशी सैनिकांनी खाल्ली, कोण सांगणार? मागे तिचे एक शिंगरू उरले, कोआराझ. १९४५ ची फ्रेंच डर्बी त्याने जिंकली. या शर्यतीच्या विजेत्यांची यादी वाचताना माझे बोट कोरिदाच्या नावावर अडते.

आता एक धागा आपल्या पुण्याचा. १९४८ मध्ये जिंकलेला मिगोली हा तिसऱ्या आगाखानांचा घोडा. येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस बांधला तो यांनीच. युद्धाच्या त्याच वर्षांत, १९४२ ते १९४४, गांधीजी तिथे स्थानबद्ध होते. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. चौथ्या आगाखानांनी १९६९ मध्ये तो वाडा भारतीय जनतेला देऊन टाकला. १९७८ मध्ये बुसाकचे साम्राज्य कोसळले, तेव्हा त्याचे घोडे घेतले तेही यांनीच. सिंदार, दलाखानी, झरकावा हे त्यांचे पुढचे विजेते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वारले. आठ महिन्यांनी, ५ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्यांच्याच तबेल्याचा दरीझ लोंशांवर मिनी हॉक या घोडीला जेमतेम डोक्याच्या अंतराने मागे टाकून पहिला आला. दरीझचा बाप सी द स्टार्स. त्याने हीच शर्यत २००९ मध्ये जिंकली होती. आणि सी द स्टार्सची आई अर्बन सी हिने ती जिंकली होती १९९३ मध्ये. आजी, मुलगा, नातू. मधे बरोबर सोळा-सोळा वर्षे.