रिपोर्टवरचा आकडा

मॅमोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. तिथे ‘बायरॅड्स ४’ असे दिसले, तर चौथ्या स्टेजचा कॅन्सर असा अर्थ घरातले सहज लावतात. पण हा आकडा स्टेजचा नसतोच. संशय कितपत आहे आणि पुढे कोणती तपासणी करायची, एवढेच तो सांगतो. हे ध्यानात आले की या पुस्तकाच्या विषयात पाऊल टाकणे सोपे होते.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने १९९३ मध्ये बायरॅड्स ही श्रेणींची पद्धत आणली. तोवर जो तो रेडिऑलॉजिस्ट आपापल्या शब्दांत लिहीत असे, आणि पुढे नेमके काय करावे याचा उलगडा सर्जनला होतोच असे नव्हते.

वाचकांनी चौथ्या श्रेणीपाशी जरा जास्त थांबावे. शून्य म्हणजे तपासणी अपुरी. आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुन्या फोटोंशी तुलना हवी. तीनमध्ये कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते, म्हणून बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. चारचा आवाका मात्र २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत! म्हणूनच या श्रेणीचे पोटभाग केले आहेत. ‘४ए’मध्ये शक्यता १० टक्क्यांपर्यंतच असते, ‘४सी’मध्ये ५० च्या वर. बायोप्सी दोन्हींत सुचवतात, पण मनावरचे ओझे सारखे असण्याचे कारण नाही. तुमच्या रिपोर्टवर नुसता चार असेल, तर पुढचे अक्षर कोणते, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

स्तनात हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राफी निर्दोष आली तरी तपास थांबवू नये. दाट ऊती फोटोत पांढऱ्या दिसतात आणि कॅन्सरची गाठही पांढरीच. अशा ऊती तरुण स्त्रियांत अधिक, म्हणून त्यांच्यात सोनोग्राफीचा आधार मोठा.

हाताने केलेल्या तपासणीचे मोल मुंबईतल्या अभ्यासाने दाखवले, याचा मला अभिमान वाटतो. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील एका गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरता घट तितकी ठाम ठरली नाही, हेही संशोधकांनी सचोटीने नोंदवले.

नवख्या वाचकांनी आपला किंवा घरातला एखादा रिपोर्ट शेजारी ठेवूनच पहिले प्रकरण उघडावे, आणि श्रेणी, बाजू, गाठीची जागा, आकार, कडा अशा क्रमाने एकेक नोंद ताडून पाहावी.