रक्तवाढीची लाल गोळी आणि केमोथेरपी: एका जीवनसत्त्वाचा परळपासूनचा प्रवास

"डॉक्टर, केमो चालू आहे, अंगात रक्त नाही, ताकदीसाठी एखादं टॉनिक चालू करू का?" हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. खरं तर विचारण्याआधीच पुष्कळदा टॉनिक चालू झालेलं असतं. घरात सुनेच्या बाळंतपणातल्या लाल गोळ्या उरलेल्या असतात. "रक्तवाढीच्याच तर आहेत" म्हणून त्या सासूबाईंना दिल्या जातात. हेतू चांगलाच असतो. पण त्या लाल गोळीत लोहाबरोबर फोलिक अॅसिड असतं, आणि फोलिक अॅसिडचं केमोथेरपीशी फार जुनं नातं आहे. इतकं जुनं, की आजची काही औषधं त्याच्याच शोधातून जन्माला आली. गंमत म्हणजे या कथेची सुरुवात आपल्याच राज्यात, मुंबईच्या परळमध्ये झाली.

पुणेकरांना हाफकिन हे नाव प्लेगच्या लशीमुळे माहीत असतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये 1928 साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली. तिच्याकडे काम होतं गरोदर स्त्रियांमधल्या एका विचित्र रक्तक्षयाचा शोध घेण्याचं. गिरणगावातल्या गरीब बायकांचं रक्त गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झपाट्याने उतरायचं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. अनेक जणी बाळंतपणात दगावायच्या.

विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेतला. तिथे काही हाती लागलं नाही. मग त्यांनी जे केलं ते मला आजही कौतुकाचं वाटतं: कोणत्या वस्तीतल्या, किती कमाईच्या घरातल्या बाया रोज काय खातात, याची नोंद करायला घेतली. आजार जिथे जास्त, तिथल्या ताटात भाजी, फळं आणि प्रथिनं कमी, हे दिसून आलं. तोच आहार उंदरांना दिला तर तेही फिकट पडले, आणि आहारात यीस्ट घातलं की सावरले. (पुढे कळलं की उंदरांच्या रक्तक्षयात त्यांच्या अंगावरच्या उवांमधून येणाऱ्या एका जंतूचाही हात होता. म्हणजे पुराव्यातला एक दुवा कच्चाच होता, पण निष्कर्ष बरोबर निघाला. वैद्यकशास्त्रात असंही होतं.)

त्या काळी अशा रक्तक्षयावर लिव्हर खायला देण्याचा उपाय नव्याने गाजत होता. पण लिव्हर महाग, आणि आपल्याकडे अनेक घरांत चालणारंही नाही. विल्सबाईंनी त्याऐवजी मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून केलेला काळसर, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. काही दिवसांत त्या स्त्रियांचं रक्त भरू लागलं. 1931 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

दहा वर्षांनी, 1941 मध्ये, अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक आटवून त्यातून चिमूटभर पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचं नाव फोलिक अॅसिड. विल्स फॅक्टर तो हाच. पुढे लेडर्ले या कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत जितक्या ठळकपणे असायला हवं तितकं नाही.

आता कथेला वळण लागतं. बोस्टनच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात डॉ. सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली मुलं पाहत होते. तेव्हा या आजाराला औषधच नव्हतं. निदान झाल्यावर मूल काही आठवड्यांचं किंवा फार तर काही महिन्यांचं सोबती. जे जीवनसत्त्व गरोदर बाईचं रक्त भरून काढतं, ते या मुलांचंही भरेल, असा विचार तर्काला धरूनच होता. म्हणून फोलिक अॅसिडच्या वर्गातली द्रव्यं मुलांना दिली गेली. परिणाम उलटा झाला. अस्थिमज्जेतल्या कर्करोगाच्या पेशी अधिकच वेगाने वाढताना दिसल्या.

असं का झालं? पेशीला दोनाची चार व्हायचं असेल तर नवं डीएनए तयार करावं लागतं, आणि त्या कामात फोलिक अॅसिड लागतंच. गरोदर स्त्रीची अस्थिमज्जा त्यासाठी भुकेली होती. कर्करोगाची पेशीही तितकीच भुकेली. खाऊ घालणाऱ्याला वाटतं आपण रुग्णाला खाऊ घालतोय, पण अन्न कुणाच्या तोंडी जातं हे शरीर आपल्याला विचारून ठरवत नाही.

फार्बर यांनी यातून उलटा प्रश्न विचारला: मग ही भूक अडवली तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फोलिक अॅसिडसारखं दिसणारं, पण काम बंद पाडणारं द्रव्य तयार करून दिलं. कुलपात तशीच दिसणारी दुसरी किल्ली अडकवून ठेवावी तसं. त्याचं नाव अॅमिनोप्टेरिन. जून 1948 मध्ये फार्बर यांनी जाहीर केलं की 16 मुलांपैकी 10 मुलांमध्ये आजार काही काळ हटला. काही काळच. पुढे तो परत आला. पण औषधाने रक्ताचा कर्करोग मागे हटू शकतो हे पहिल्यांदा दिसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले.

अॅमिनोप्टेरिनचाच भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट, जे आजही रोज वापरलं जातं. 1956 मध्ये अमेरिकेत त्याने वारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग पसरलेला असूनही बरा झाला. विल्सबाईंच्या गरोदर रुग्णांपासून निघालेली वाट अशी पुन्हा गर्भाशयापाशीच आली. आणि ज्या परळमधून ती निघाली, तिथेच हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर 1941 साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. पुण्याची कितीतरी माणसं पहाटेची गाडी पकडून तिथे जातात.

आता पुन्हा त्या लाल गोळीकडे. केमो चालू असताना ती घ्यावी का? उत्तर औषधागणिक बदलतं. कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर स्वतःहून फोलिक अॅसिड घेऊ नये, औषधाचं काम पुसलं जाऊ शकतं. मोठ्या डोसनंतर आम्हीच फोलिनिक अॅसिड देतो, पण ते घड्याळ लावून, ठरल्या तासाला, निरोगी पेशी वाचवण्यासाठी. आतड्याच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे जादा फोलिक अॅसिडने औषधाचा त्रास वाढतो: जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय लाल होऊन सोलणं. फुप्फुसाच्या कर्करोगातल्या पेमेट्रेक्सेडच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं. तिथे फोलिक अॅसिडची रोजची छोटी गोळी आणि बी-12 चं इंजेक्शन उपचार सुरू होण्याआधीपासून सक्तीचं असतं, आणि ती गोळी चुकवणं धोक्याचं. शेजारच्या काकूंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आणि सोबत फोलिक अॅसिड दिलं असेल, तेही योग्यच आहे, डोस आणि हेतू दोन्ही निराळे. म्हणून कुणाचं पाहून घेऊ नका आणि कुणाचं ऐकून बंदही करू नका. घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पट्ट्या, आयुर्वेदिक आणि प्रोटीन पावडरसकट, एका पिशवीत घालून आणा. लेबल आम्ही वाचू.

हे वाचून कुणी पालक-मेथी बंद करेल, अशी मला जास्त भीती वाटते. तसं करू नका. चार टन पालकातून चिमूटभर निघालं हे लक्षात ठेवा. ताटातल्या भाजीचा आणि गोळीतल्या डोसचा हिशेब वेगळा आहे. वरण, उसळ, पालेभाजी हे केमोतलं रोजचं जेवण असायलाच हवं. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकलं तर त्यातलं फोलिक अॅसिड पाण्याबरोबर जातं. त्यापेक्षा पातळ भाजी करावी, म्हणजे काही वाया जात नाही.

पांढऱ्या पेशी कमी असतानाच्या दिवसांत काळजी घ्यायची ती जंतूंची. पूर्वी अशा रुग्णांना कच्चं काहीच द्यायचं नाही असा दंडक होता. 2008 मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाच्या 153 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, केवळ शिजवलेलं खाणाऱ्यांमध्ये आणि नीट धुतलेली कच्ची फळं-भाज्या खाणाऱ्यांमध्ये मोठ्या संसर्गाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पण ते अन्न हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातलं होतं. म्हणून साल काढलेलं केळं, संत्रं, पपई घरी जरूर द्या. मोड आलेली कच्ची मटकी, गाडीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस आणि सकाळी बागेबाहेर मिळणारा गव्हांकुराचा रस मात्र काउंट वर येईपर्यंत नको. मटकी शिजवून उसळ केलीत तर हवी तेवढी खा.