जुन्या सिंथेसायझरमधील खरखर

विजेवर चालणाऱ्या कोणत्याहि वाद्याला पूर्ण मौन पाळतां येत नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे जे. बी. जॉन्सन यांनीं १९२८ सालीं दाखवून दिलें कीं, उष्णतेमुळें तारेंतील इलेक्ट्रॉन सदैव अस्वस्थ असतात, आणि त्या अस्वस्थतेचाच सूक्ष्म आवाज होतो. त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनीं त्याचें गणित मांडलें. तेव्हांपासून खरखर म्हणजे केवळ कारागिराचा हलगर्जीपणा, असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. प्रश्न उरला तो एवढाच कीं, सुराच्या मानानें ती किती लहान ठेवतां येईल.

या प्रश्नाचें बोलकें उदाहरण म्हणजे रोलंड कंपनीचा ज्युनो-६० हा सिंथेसायझर. इकुतारो काकेहाशी यांनीं १९७२ सालीं जपानांत ओसाका येथें स्थापिलेल्या या कंपनीनें तो १९८२ सालीं बाजारांत आणला. त्यांतून एका वेळीं सहा स्वर निघत. परंतु प्रत्येक स्वरास ऑसिलेटर एकच, आणि एकट्या ऑसिलेटरचा सूर थोडा रोडच. त्याला भरदारपणा यावा म्हणून शेवटीं ‘कोरस’ नांवाची योजना केली होती: सुराची एक प्रत क्षणभर थोपवून, थोपविण्याचा काळ सारखा कमीजास्त करीत, ती मूळ सुरांत मिसळावयाची. एकच गवई अनेकांसारखा भासतो तो यामुळें. हें बटण दाबलें कीं सूर फुलतो. पण त्याबरोबरच, एकहि पट्टी दाबलेली नसतांना, दूरवर पाऊस पडत असल्यासारखी अखंड सरसर ऐकूं येऊं लागते.

सूर थोपविण्याची ही युक्ति फिलिप्सच्या हॉलंडमधील प्रयोगशाळेंतून आली. सँगस्टर व टेअर या दोघांनीं ती १९६९ सालीं प्रसिद्ध केली. आग लागली म्हणजे माणसें रांगेनें उभीं राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढें देतात. त्यावरून तिचें नांवच ‘बकेट ब्रिगेड’ पडलें. येथें बादली म्हणजे विजेचा लहानसा सांठा करणारा कपॅसिटर. ज्युनोंत अशा रांगा दोन, व प्रत्येकींत घरें २५६. इतक्या हातांतून बादली गेली तर थोडें पाणी सांडावयाचेंच, आणि वाटेंत थोडी धूळहि पडावयाची. घरें चालविणाऱ्या ठोक्यांची शीळ कानाच्या पल्ल्यापलीकडची असल्यामुळें चाळणीनें अडवितां येते. खरखर मात्र सुराच्याच मुलुखांत वसलेली. ती चाळावयास जावें तर सुराचें तेजहि चाळणींत अडकतें.

म्हणून उपाय करावयाचा तो बादली रांगेंत शिरण्यापूर्वीं. हें मर्म टेपच्या धंद्यांत आधींच कळलें होतें. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळांत संयुक्त राष्ट्रांतर्फे भारतांत तांत्रिक सल्लागार होते. त्यानंतर लंडनमध्यें त्यांनीं स्वतःची प्रयोगशाळा काढली. त्यांची रीत अशी: हळू स्वर टेपवर जाण्यापूर्वींच वाढवावे आणि परत येतांना तितकेच उतरवावे. स्वर मूळपदावर येतो. वाटेंत मिसळलेली खरखर मात्र उतरत्या वेळीं त्याच्याबरोबर खालीं जाते. १९६६ पासून डेक्कासारख्या ध्वनिमुद्रण कंपनीनें ती उपयोगांत आणली. पुढें याच धर्तीवर दाबून-पसरविण्याची जोडी कांहीं प्रतिध्वनि-यंत्रांतील बादल्यांच्या रांगांनाहि लावण्यांत आली.

ज्युनोंत ही जोडी नव्हती. परंतु वादकाच्या हातीं तिचें एक साधें रूप आहे, व पुष्कळजण त्याचा उलटाच उपयोग करतात. यंत्रावर पातळीच्या पट्ट्या दोन: ‘व्हीसीए’ची कोरसच्या आधीं, आणि ‘व्हॉल्यूम’ची कोरसच्या नंतर. नंतरची खालीं ओढली तर सूर व खरखर सारखींच लहान होतात. पदरांत कांहींच पडत नाहीं. आधींची पट्टी सूर फाटूं न देतां शक्य तितकी वर न्यावी, नंतरची त्या मानानें उतरवावी. मग सूर तेवढाच राहून खरखर मागें पडते.

घरघर ही निराळी व्याधि. सरसर न येतां जाड, एकसुरी घरघर आली तर दोष बहुधा विजेच्या पुरवठ्यांतील वाळलेल्या कपॅसिटरचा असतो. तो बदलला कीं काम भागतें. कोरसची खरखर अशी जात नाहीं. मौज अशी कीं, संगणकावर ज्युनोची नक्कल करणाऱ्यांपैकीं कांहींनीं सुराबरोबर ही खरखरहि मुद्दाम उतरवून घेतली आहे.