शोध-एपीआय : वापराच्या अटी (सॉल्ट लेक, कोलकाता)

शोधयंत्राला माणसाऐवजी प्रोग्रॅमने प्रश्न विचारायची खिडकी म्हणजे शोध-एपीआय. प्रोग्रॅम आपली ‘की’ (ओळख पटवणारी सांकेतिक अक्षरे) दाखवतो, शब्द पाठवतो आणि यादी घेऊन परततो. की घेताना ‘मान्य आहे’वर जी टिचकी मारली जाते ती न वाचता मारण्याचा प्रघात आहे, पण करार त्या टिचकीनेच होतो. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०-अ सांगते.

सॉल्ट लेकमध्ये असे प्रोग्रॅम लिहिणारे पुष्कळ, आणि ते ठिकाण स्वतःही शोधायला अवघड. हुगळी नदीतला गाळ टाकून खारी दलदल भरण्याचे काम १९६२ मध्ये सुरू झाले. नगराचा आराखडा दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह रचनाकाराचा. सरकारी नाव बिधाननगर, तोंडी सॉल्ट लेक. पुण्याला जसे हिंजवडी तसे कोलकात्याला इथले सेक्टर फाइव्ह. पत्ता सांगायचा तो रस्त्याच्या नावाने नव्हे, ब्लॉकच्या अक्षरांनी : इपी, जीपी, डीएन. नुसते ‘सॉल्ट लेक’ विचारले तर अमेरिकेतल्या यूटा राज्याची राजधानी हाती येऊ शकते, म्हणून देश नेमून द्यावा लागतो. त्यात बंगाली, रोमन, देवनागरी अशा तीन लिप्या, शिवाय मराठी माणसाने सवयीने लिहिलेले ‘विधाननगर’. एका पत्त्यापायी चार-पाच प्रश्न खर्ची पडतात. एवढ्या खटपटीने मिळालेले उत्तर जपून ठेवावे असे कोणालाही वाटेल, आणि अट मोडते ती बहुधा इथेच.

प्रश्नांच्या संख्येवरील मर्यादेची फार चिंता करायला नको. ती यंत्रच पाळायला लावते. गूगलच्या कस्टम सर्च एपीआयची वर्षानुवर्षांची रचना अशी : दिवसाला १०० प्रश्न फुकट, पुढे हजारी ५ डॉलर, दिवसाची कमाल १०,०००. कोटा संपला की ४२९ क्रमांकाचा नकार येतो. त्यावर पळवाट म्हणून चार खात्यांच्या चार की आळीपाळीने फिरवणे हे हुशारीचे काम समजले जाते. अटींच्या भाषेत तो सरळ भंग आहे.

साठवणुकीवर असा पहारेकरी नाही. गूगल मॅप्सच्या अटींनुसार अक्षांश-रेखांश जास्तीत जास्त सलग ३० दिवस ठेवता येतात, प्लेस आयडी (ठिकाणाची ओळखखूण) मात्र हवा तितका काळ. पालन करायचे तर टेबलात ‘आणल्याची तारीख’ असा रकाना हवा आणि मुदत भरलेल्या ओळी पुसणारा रात्रीचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) हवा. एवढे करूनही बॅकअपमध्ये, टेस्ट सर्व्हरवर आणि क्लायंटला मेलने गेलेल्या एक्सेलमध्ये तोच डेटा शाबूत असतो. क्रॉन जॉब तिथवर पोचत नाही. मांडणीच्याही अटी असतात : गूगलने दिलेली ठिकाणे दुसऱ्याच्या नकाशावर दाखवता येत नाहीत.

भंग झाल्यावर पहिली शिक्षा कायद्याची नसते. की बंद होते आणि त्याबरोबर क्लायंटचे काम थांबते. परवानगीविना संगणक-यंत्रणेतून डेटा उतरवून घेण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली नुकसानभरपाई मागता येते. तेच लबाडीने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भारतात हा वाद गाजला तो जुलै २०२४ मध्ये. करार मोडून आपला डेटा वापरल्याचा आरोप करत मॅपमायइंडिया या नकाशे पुरवणाऱ्या कंपनीने ओला इलेक्ट्रिकला नोटीस धाडली. ओलाने तो आरोप नाकारला.

अटी पाळणाऱ्यालाही सेवा टिकण्याची हमी नसते. मायक्रोसॉफ्टने बिंगचा शोध-एपीआय ११ ऑगस्ट २०२५ ला बंद केला. सूचना मे महिन्यात मिळाली होती, म्हणजे हाताशी जेमतेम तीन महिने.

साठवणुकीला मोकळीक हवी असेल तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाचा डेटा घ्यावा. तो ठेवता येतो, नामोल्लेख मात्र सक्तीचा. त्यात भर घालून तयार केलेला डेटाबेस लोकांना दिला तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनाटिम ही सार्वजनिक शोधसेवा सेकंदाला एकच प्रश्न घेते, आणि विचारणाऱ्या प्रोग्रॅमने आपली ओळख सांगावी असा तिचा नियम आहे. याहून जास्त हवे असेल त्याने सगळा डेटा उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर नॉमिनाटिम बसवावे. डीएन ब्लॉकची हद्द त्यात चुकीची दिसली तर खाते काढून ती तिथेच दुरुस्त करता येते.