रिकामी पुंगळी अडकते तेव्हा

अर्धस्वयंचलित रायफलमध्ये गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून काढण्याच्या क्रियेला निष्कर्षण म्हणतात. ही क्रिया फसली, की पुढचे काडतूस आत जात नाही आणि हाती शस्त्र असूनही जवान निःशस्त्र ठरतो. भारतीय सेनेने व पोलीस दलांनी दीर्घकाळ वापरलेली ७.६२ मि.मी. ‘एसएलआर’ ही याच वर्गातील रायफल. बेल्जियन ‘एफएएल’वर आधारलेली ही रायफल ईशापूरच्या कारखान्यात तयार होत असे.

पुंगळीचे पितळ साधारणतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. दारू पेटताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते. त्याच वेळी नळीतील थोडा वायू पिस्टनला ढकलतो, बोल्ट मागे सरकतो आणि एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुंगळीची कड धरून तिला ओढतो. या साखळीतील कोणता दुवा निखळला, हे बहुधा पुंगळीच सांगते.

कड फाटलेली किंवा कुरतडलेली असेल, तर आकड्याने आपले काम केले. पुंगळीच घट्ट बसली होती. चेंबरमधील काजळी वा गंज, अथवा वायूच्या अतिरेकामुळे वेळेआधी उघडणारा बोल्ट, ही त्याची कारणे. कड शाबूत राहून पुंगळी आतच असेल, तर आकड्याची झीज, त्याची कमजोर स्प्रिंग किंवा आकड्याखाली साचलेला मळ तपासावा. पुंगळी चेंबरबाहेर येऊनही आतच घोटाळत असेल, तर वायू अपुरा पडतो किंवा इजेक्टर सदोष आहे, असे समजावे. एसएलआरमध्ये गॅस रेग्युलेटर फिरवून वायूचे प्रमाण जुळवता येते. पुंगळीचे बूड तुटून पुढचा भाग आत राहिल्यास तो काढण्याचे खास हत्यार वापरावे लागते. असे पुन्हा घडल्यास ती रायफल आर्मररने तपासेपर्यंत वापरू नये.

दोष नेहमीच शस्त्रात नसतो. ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना चिरा पडत. घोड्यांच्या मुत्रातील अमोनिया व दमट हवा यांचा ताणाखालील पितळावर होणारा हा परिणाम १९२१ मध्ये उलगडला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी ‘एम-१६’ रायफलींत पुंगळ्या अडकू लागल्या, तेव्हा बदललेली दारू, क्रोमचा मुलामा नसलेले चेंबर आणि साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा अशी कारणे एकत्र आली होती. सैनिकांना ऐन चकमकीत नळीत सळई घालून पुंगळी ढकलावी लागे. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोमचा मुलामा देण्यात आला.

किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत चेंबर लवकर गंजते. त्यामुळे गोळीबारानंतर लगेच चेंबर स्वच्छ व कोरडे करणे हाच पहिला उपाय. अडथळा दूर करताना नळी सुरक्षित दिशेला धरावी, आधी मॅगझिन काढावे आणि आत अडकलेली पुंगळी रिकामीच आहे याची खात्री करावी. जिवंत काडतुसावर सळई कधीही ठोकू नये.